घासू का ठेवू?

मी काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. बीबी गावात, माहेरी, आई सांगते, ‘‘पोरगी बुलढाण्याले कॉलेजात मास्तरीन हाय.’’ हे खरं आहे, पण अर्धं. सुलतानपूरला सासरी मामाजी, म्हणजे माझे सासरे, सांगतात, ‘‘सून भट्टीचं काम करते.’’ त्यावरून गावातल्या बऱ्याच लोकांचा समज झालाय की मी फुटाणे भाजते. नवरा बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर असतो. चार लोकांत वावरतो, म्हणून तो जरा वजनदार बोलतो, ‘‘ती टेंपरेचरमध्ये आहे.’’ हे ऐकून लोक मला डॉक्टर समजतात आणि लेकराचा ताप उतरत नाही म्हणून फोन करतात.

मी तापलेल्या वस्तूंकडे लांबून बघते, एवढंच माझं काम. करोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळावर जी बंदूक रोखायचे, तिची थोरली बहीण माझ्याकडे आहे. लाल झालेल्या लोखंडावर रोखली तरी हात न लावता त्याचा ताप सांगते. अडचण अशी की ही बंदूक फार भोळी आहे. वस्तूतून जेवढी आच बाहेर येते तेवढ्यावरच ती विश्वास ठेवते. काळी, खरबरीत वस्तू आपल्या आतलं जवळपास सगळं बाहेर सांगून टाकते. तिचा आकडा बरोबर येतो. चकचकीत वस्तू मात्र थोडंसंच सांगते, बाकीचं गिळून बसते, आणि वर समोर जे असेल त्याचीच आच परत फेकते. मग बंदूक फसते. कुठली वस्तू आपल्यातलं किती बाहेर सोडते, त्याला उत्सर्जनक्षमता असा जिभेला पीळ पडणारा शब्द आहे. तो आकडा काढायचा, तोही आठशे अंशांच्या वर, ही माझी पीएच.डी.

हे कुणाला सांगायला गेलं की पहिल्या वाक्यालाच समोरचा माणूस चहा मागतो. म्हणून मीही सांगणं सोडून दिलं होतं. मी मुळात सोशिक बाई नाही. एकदा सांगून समजलं नाही तर माझा आवाज चढतो, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर पुण्यात शिकताना कमावलेलं गुळगुळीत मराठी गळून पडतं नि खालचं बीबीचं बाहेर येतं.

माझा सगळा जीव पोलादाच्या काही चकत्यांत अडकला होता. भाकरीच्या उंड्याएवढ्या, चपट्या, साध्या चकत्या. त्या भट्टीत घालून इतका वेळ तापवायच्या की त्यांच्या अंगावर काळा, घट्ट थर चढला पाहिजे आणि तो तिथंच राहिला पाहिजे. मग कितीही वेळा तापवलं तरी आकडा तोच आला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या कॉलेजची भट्टी तापत आली की नेमकी वीज जायची. थर अर्धवट बसायचा, मग पोपडे धरायचा, आकडा आज एक तर उद्या दुसरा. माझे गाईड सर हे बघून फक्त चष्मा काढून पुसायचे. त्यांनी चष्मा पुसला की मी भट्टी पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

बऱ्याच मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या. महालक्ष्म्यांनंतर, म्हणजे गौरींच्या सणानंतर, विद्यापीठाची समिती बसणार होती आणि तिच्यासमोर एकसारखे आकडे दाखवायचे होते. नाही दाखवले तर नोंदणी रद्द. म्हणजे इतकी वर्षं भट्टीपुढे बसून मी काय केलं याचं उत्तर शेवटी फुटाणे हेच झालं असतं.

आणि त्या भादव्यात, देव पावावा तसं, वीज टिकली. चकत्या काळ्या झाल्या. नुसत्या काळ्या नाही, कावळ्याच्या पाठीसारख्या काळ्या. आकडे बऱ्यापैकी बसायला लागले. सर म्हणाले, ‘‘सुट्टी संपली की शेवटची मोजणी करून टाकू,’’ आणि चष्मा पुसला नाही.

आता प्रश्न होता की सुट्टीत या चकत्या ठेवायच्या कुठे. प्रयोगशाळेच्या कपाटाची दुसरी किल्ली आमच्या शिपायाकडे असते, आणि माझी एक जुनी चकती मी त्याच्या चहाच्या ग्लासावर झाकण म्हणून पाहिली होती. बुलढाण्यातल्या आमच्या भाड्याच्या घरात पावसाळाभर छत गळतं. म्हणून मी खूप विचार करून जगातली सगळ्यात सुरक्षित जागा निवडली. चकत्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळल्या, शेवयांच्या डब्यात घातल्या, डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले, आणि मेहकरला गाडी बदलून त्या सासरी सुलतानपूरला नेल्या.

आता आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचा देव देवळात असेल नसेल, पण धर्म मोरीवर आहे. त्यांच्या घरातलं भांडं कुणाच्याही घरी गेलं, तरी कुणाचं आहे ते नाव न वाचता ओळखू येतं. तांब्याचा हंडा असा की त्यात बघून कुंकू लावावं. चुलीवर ठेवायच्या आधी प्रत्येक गंजाच्या, म्हणजे उभ्या पातेल्याच्या, बुडाला त्या ओल्या मातीचा लेप देतात, म्हणजे काजळी मातीवर बसते आणि भांडं सुटतं. तरीही कुठे काळा डाग राहिला, तर त्या जेवत नाहीत. गावात कुणाच्या सुनेचं कौतुक करायचं असलं तर ‘रंगाने गोरी’ असं म्हणतात. आत्याबाई म्हणतात, ‘‘तिचे भांडे पाह्यले का?’’

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी माझे भांडे पाह्यले होते आणि काही न बोलता ते सगळे पुन्हा घासले होते. तेव्हापासून आमच्यात एक प्रकारची शांतता होती. सगळा दोष त्यांनी माझ्या शिक्षणाला देऊन टाकला होता.

महालक्ष्म्यांच्या आधी त्यांच्या घासण्याला भरतं येतं. फळीवरची, माळ्यावरची, वर्षभरात कुणी हातही न लावलेली भांडी अंगणात येतात. ‘‘माहेरवाशिणी येऊन राह्यल्या घरी, त्याइले काय काळे भांडे दाखवू?’’ असं त्यांचं म्हणणं असतं, आणि देवींबद्दल ते बरोबरच आहे. मी डबा कोठीच्या खोलीत, गव्हाच्या पोत्यामागे ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर समजावून सांगावं लागलं असतं, आणि मग माझा आवाज चढला असता.

दुसऱ्या दिवशी मी आईला भेटायला बीबीला गेले. दुपारी परत आले तर अंगणात आरसे मांडल्यासारखा उजेड. हंडे, घागरी, परात, गंज, ताटं, सगळं उन्हात वाळत होतं. शेजारच्या दोघी बाया पदर खोचून, हात लाल करून बसलेल्या. आणि ओट्याच्या कडेला, स्वच्छ फडक्यावर, एका ओळीत, माझ्या चकत्या.

चकचकीत. इतक्या की त्यात वरची आंब्याची फांदी दिसत होती.

आत्याबाई पुढे आल्या. थकल्या होत्या, पण तोंडावर जो आनंद होता तो मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. ‘‘ये व बाई. डब्यात शेवया हाय का पाहाले म्हनून उघडला, तं पाह्यतो काय, हे असे काळे ठिक्कर! कॉलेजात हे घिऊन जातीस? लोक म्हनतील, हिले सासू हाय का नाई? पयले राखेनं घासल्या, हालल्या नाई. मंग चिंच लावली. मंग विटकरीचा चुरा केला. तरी नाई. मंग तुह्या मामाजीले म्हनलं, तो मोटारीचा खरबरीत घासाचा कागद देता का. त्यानं मात्र निघालं. तिघी बसलो व आम्ही. हाताचे सालटे निघाले.’’

शेजारीण म्हणाली, ‘‘लय चिवट होतं बाप्पा. कोनत्या चुलीवर ठेवत होती?’’

मी एक चकती उचलून उलटी करून पाहिली. ते पाहून आत्याबाईंना वाटलं मी भारावले. त्यांनी पदरात धरलेली शेवटची चकती पुढे केली आणि जरा ओशाळून म्हणाल्या, ‘‘ही एक नाई निघाली. कवाची घासून राह्यली, पन ही हट्टी हाय. उद्या पुन्हा पाहातो.’’

तेव्हा माझा आवाज फुटला. मी नेमकं काय बोलले ते शेजारच्या दोघींनी पुढे गावभर नीट सांगितलं, त्यामुळे मला आठवायची गरज पडली नाही. मुद्दा एवढाच होता, की हे काळं म्हणजे घाण नव्हती, हे काळं मी केलं होतं, वर्षानुवर्षं बसून केलं होतं, तेच दाखवून मला डिग्री मिळणार होती, आणि आता ती मिळणार नाही. हे सगळं मी बीबीच्या भाषेत आणि बीबीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, त्यामुळे ते मला नीट जमतही नाही. नाकातून आवाज येतो.

मामाजींनी कागद दिला होता, म्हणून ते आधीच वांग्याच्या वावराकडे निघून गेले होते. नवरा मोटारसायकल लावून आत आला. आई रडायच्या बेतात, बायको रडतेय, मधे चमकणाऱ्या चकत्या. तो आईकडे बघून म्हणाला, ‘‘तू कायले हात लावला व?’’ आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘अगं, तिला कसं कळणार?’’ माझा नवरा घासलेल्या गंजासारखा आहे. समोर जो उभा असेल त्याचंच त्याच्यात दिसतं, त्याचं स्वतःचं आत किती तापलंय हे मला आजवर मोजता आलेलं नाही.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, ‘‘काळं करायले शिकले तुम्ही कॉलेजात?’’ टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच समजत नव्हतं. ती हट्टी चकती त्यांच्या हातातून मी हिसकावून घेतली आणि उशाशी ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या बसल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. घरात दोन देव्या नटूनथटून उभ्या आणि आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता त्यांच्यासाठी सोळा भाज्या निवडतोय, असं दृश्य होतं. भांडणात महालक्ष्म्यांचा स्वयंपाक करणं अवघड असतं, कारण मीठ घातलं का हे विचारावंच लागतं. आम्ही ते मामाजींमार्फत विचारत होतो. आंबील, पुरण, वडे, सगळं मामाजींच्या तोंडून शिजलं. नैवेद्य दाखवून झाला, पंगत उठली, पण आत्याबाई जेवल्या नाहीत. पाणी पिऊन बसल्या.

संध्याकाळी मी चुलीजवळ गेले तर त्या खाली बसून काहीतरी करत होत्या. चुलीच्या तोंडाशी, लोखंडी जाळीवर, माझ्या घासलेल्या सगळ्या चकत्या मांडलेल्या. खाली त्यांनी मुद्दाम ओली काटकी पेटवून धूर केला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला बघून म्हणाल्या, ‘‘झाल्या. पाह्य, होत्या तशा काळ्या केल्या. आता रागवू नको.’’

खरंच काळ्या झाल्या होत्या. काजळीने. बोट लावलं की बोट काळं. आयुष्यात त्यांनी हाताने एकही वस्तू काळी केली नसावी, आणि या मात्र सणाच्या दिवशी, महालक्ष्म्या घरात असताना, धुराकडे तोंड करून केल्या होत्या. माझा राग तिथंच अर्धा बसला. उरलेला अर्धा नंतर कधीतरी बसला असेल.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदाच सगळं नीट सांगितलं. म्हणजे दाखवलंच. बॅगेत लहान बंदूक होती, ती आणली. दोन गंजांत पाणी उकळायला ठेवलं. एक त्यांचा चकचकीत, दुसरा गोठ्यातला, गुरांसाठी ढेपीचं, म्हणजे पेंडीचं, पाणी तापवायचा, बाहेरून वर्षानुवर्षं काळा झालेला. त्याला त्या भांडं मानत नसल्यामुळे तो वाचला होता. दोन्हींत पाणी खदखदायला लागलं. काळ्यावर बंदूक धरली, आकडा शंभराच्या आसपास. चकचकीतवर धरली, आकडा आला आमच्या अंगाच्या तापापेक्षा थोडा जास्त.

आत्याबाईंनी खदखदणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. ‘‘बिघडली तुही बंदूक.’’

‘‘बिघडली नाही. तो गंज स्वतःचं सांगतच नाही. तुमचीमाझी आच घेतो अन् तीच परत दाखवतो.’’

‘‘म्हंजे घासलेल्या भांड्यावर तिचा इश्वास नाई? अन् त्या गोठ्यातल्यावर हाय?’’ त्यांचा राग आता बंदुकीकडे वळला होता. ‘‘कोनं केली ही? बाईमानसानं नसन केली.’’

मी म्हटलं, हेच तर माझं काम आहे. कुठलं भांडं किती लपवतं ते शोधायचं आणि तसं बंदुकीला सांगून ठेवायचं, म्हणजे ती फसत नाही. त्यांनी बंदूक हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, ‘‘एवढंच होतं तं मले आधी काऊन नाई सांगितलं? मी काय फाडून खाल्लं असतं?’’

मग मी पान वाढलं आणि त्या जेवल्या. वाढता वाढता मी त्यांना हेही सांगून टाकलं की काजळी चालणार नाही, भट्टीत गेली की ती जळून उडून जाईल. त्यांनी घास तोंडात ठेवूनच कपाळावर हात मारला.

विसर्जन झाल्यावर मी बुलढाण्याला निघाले तर आत्याबाई पिशवी भरून आधीच एसटी थांब्यावर उभ्या. ‘‘म्या खराब केल्या, मी येतो. पाहातो कशी काळी होत नाई ते.’’ मामाजींनी चार दिवस स्वतःच्या हाताने भाकरी करून खाव्यात असा हुकूम झाला होता. पिशवीत नऊवारी, चिंच आणि भांडी घासायचा काथ्या होता.

प्रयोगशाळेत त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली आणि भट्टीसमोर जमिनीवर फतकल मारून बसल्या. भट्टी तापायला वेळ लागतो. त्यांना नुसतं बसता येत नाही. दुपारपर्यंत त्यांनी शिपायाचे चहाचे सगळे ग्लास घासले, मग किटली, मग रसायनशास्त्र विभागातून कुणीतरी आपली दोन चंचुपात्रं शोधत आलं. आमचा शिपाई कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण त्यांच्यापुढे उभा राहून म्हणाला, ‘‘मावशी, हे घेतो मी, राहू द्या.’’ त्या म्हणाल्या, ‘‘काऊन? तुह्या घरी कोनी घासत नाई का?’’ त्यानंतर तो चहावर झाकायला म्हणून माझ्या चकत्यांच्या कधी जवळ आला नाही.

भट्टी लाल झाल्यावर मी त्यांना झरोक्यातून आत बघू दिलं. आत त्या हट्टी काळ्या चकतीशेजारीच घासलेल्या चकत्या ठेवल्या होत्या. सगळं भट्टीच्याच रंगाचं झालं होतं, कुठली कुठे ते ओळखू येत नव्हतं. बंद भट्टीत असंच होतं. जी चकती स्वतःची आच कमी देते, ती भिंतींची तेवढीच परत फेकते, आणि हिशेब सारखा होतो. आत्याबाई कितीतरी वेळ बघत होत्या.

‘‘कोनती घासेल अन् कोनती काळी?’’

‘‘आतमध्ये नाही कळत.’’

‘‘एवढे हाताचे सालटे काढले आम्ही, अन् आत सारख्याच?’’ त्या फारच नाराज झाल्या.

मग मी खिडक्यांचे पडदे ओढले, दार उघडून चिमट्याने एक घासलेली आणि ती काळी अशा दोन्ही बाहेर काढल्या. बाहेर येताच काळी झगझगीत लाल आणि घासलेली मंद, विझत चाललेल्या विडीसारखी. दोघी एकाच तापाच्या. आत्याबाई पदर तोंडाशी नेऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अव माय.’’ त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही, पण पुढचे दोन दिवस वीज गेली की विजेला अशा शिव्या दिल्या, की त्या ऐकून गाईड सर चष्मा पुसायचं विसरले.

चकत्या पुन्हा काळ्या झाल्या. पहिल्यासारख्या नाही, पहिल्यापेक्षा चांगल्या. विटकरीच्या चुऱ्याने आणि मोटारीच्या कागदाने त्यांच्या अंगावर इतके बारीक ओरखडे पडले होते, की नवा काळा थर त्यांत घट्ट रुतून बसला. पोपडे नाहीत, काही नाही. एकदा तापवलं, पुन्हा तापवलं, आकडा जागचा हलेना. सोबत ती न निघालेली चकती होती, त्यामुळे जुने आकडे आणि नवे आकडे शेजारी शेजारी मांडताही आले. आधी पृष्ठभाग खरबरीत करून घ्यावा, हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. पण त्यासाठी लागणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि तीन बाया लावून ते होतं असं कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सरांनी आकडे पाहिले आणि विचारलं, ‘‘हे आधीच का नाही केलं?’’

मी म्हटलं, ‘‘सर, आधी चकत्या सासरी नेल्या नव्हत्या.’’

समितीने मान डोलावली. नोंदणी राहिली. पुढे प्रबंध लिहून झाला, आणि शेवटच्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी उमेदवाराने सगळ्यांना जेवण द्यायची पद्धत आहे, त्यामुळे नातेवाईक झाडून येतात. मागच्या रांगेत आई, मामाजी, नवरा आणि इरकली नेसलेल्या आत्याबाई बसल्या होत्या. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मोठे कडक. तासभर इंग्रजीत प्रश्न झाले. मी उत्तरं दिली. शेवटी मागे बसलेल्यांनाही काही कळावं म्हणून असेल, ते मराठीत म्हणाले, ‘‘तुमचे आकडे फार स्थिर आहेत. प्रबंधात लिहिलंय की पृष्ठभाग बारीक चूर्णाने हाताने घासून घेतला. नेमकं कोणतं चूर्ण?’’

मी शास्त्रीय नाव आठवत होते. विटकरीला शास्त्रीय नाव असतं का ते मला आजही माहीत नाही.

मागून आवाज आला. ‘‘पयले राख.’’

सगळे वळले. आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. माझ्या गाईड सरांनी चष्मा काढला.

‘‘मंग चिंच. चिंच जुनी पाह्यजे. मंग विटकरीचा चुरा, चाळून. मंग मोटारीचा कागद.’’

परीक्षकांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘किती वेळ घासलं, आजी?’’

‘‘निघेस्तोर.’’

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग आत्याबाई म्हणाल्या, ‘‘पन तिनं सांगितलं नव्हतं. माह्याच मनानं घासलं. त्याचे मार्क नका कापू तिचे.’’

तेवढी एक वेळ आहे की मला भर सभेत रडू आलं आणि नाकातून आवाज आला. डिग्री मिळाली. जेवणात परीक्षकांनी वांग्याची भाजी दोनदा घेतली. मामाजी पुढे आठवडाभर सांगत होते की ती त्यांच्या वावरातली होती.

ती हट्टी चकती मी आत्याबाईंना देऊन टाकली. ती आता त्यांच्या फळीवर, चकचकीत हंड्यांच्या मधोमध, काळीकुट्ट बसलेली असते. शेजारीण घासायला हात लावते तेव्हा त्या ओरडतात, ‘‘ठेव ते! ते कॉलेजात शिकेल हाय.’’

बाकी एक त्रास कायमचा मागे लागला. घरात काहीही करपलं, काळं झालं, डागाळलं, की आत्याबाई ते घासायच्या आधी मला फोन करतात. मी वर्गात असेन, बाजारात असेन. ‘‘तवा हाय. घासू का ठेवू?’’ मी म्हणते घासा. दोन दिवसांनी पुन्हा. ‘‘तुह्या मामाजीनं दूध बुडाले लावलं. गंज काळा झाला. घासू का ठेवू?’’ मी कितीदा सांगितलं की आता मोजायचं काही राहिलं नाही, संपलं माझं ते काम. त्या ‘हाव, समजलं’ म्हणतात आणि परवा पुन्हा फोन करतात. त्यांच्यालेखी मी आता एवढी मोठी बाई झाले आहे, की माझ्या कामाचं काय असेल आणि काय नसेल हे त्या स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायला तयार नाहीत.

पुढच्या महालक्ष्म्यांना आम्ही दोघींनी मिळून आंबील केली, बोलत केली, आणि बोलण्याच्या नादात बुडाला मातीचा लेप द्यायचा राहिला. गंज खालून असा काळा झाला की बघत राहावं. पंगत उठल्यावर आत्याबाई तो घेऊन माझ्यापुढे आल्या. नुसता उलटा करून बूड दाखवलं. मी गंजावर बोट फिरवलं, उजेडात धरून पाहिला, जेवढं म्हणून गंभीर होता येईल तेवढी झाले.

‘‘घासा, आत्याबाई.’’

त्या मोरीवर बसल्या. राखेत हात घातला आणि थांबल्या. गंज पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

‘‘इतकं चांगलं बसलं होतं काळं,’’ त्या म्हणाल्या, आणि घासायला लागल्या.